नारळ फुटला, हेल्मेट नाही

मित्रांनो, केदारचं डोकं वाचलं. न्यू हॅम्पशरमधल्या एका डोंगराच्या धारेवर वरून दगड आला, थेट त्याच्या डोक्यावर बसला, आणि तरी ते डोकं शाबूत राहिलं. शाबूत म्हणजे आधी होतं तितपतच.

हे तुम्ही वाचलेलं नाही. दगड आलेला नाही. केदार अजून पार्सिपनीतल्या त्याच्या घरी सोफ्यावर लोळत चिवडा खातोय. आपण सुरुवातीपासून सुरू करू, आत्मवृत्ताची तशी रीत आहे.

मी एक जुनं हेल्मेट आहे. सायकलचं नाही, मोटरसायकलचं तर नाहीच. डोंगरात खडकांवर चढताना घालतात, त्यातलं. माझा रंग भडक नारिंगी आहे. धुक्यात माणूस हरवला तर सापडावा, निदान हेल्मेट तरी सापडावं, हा त्यामागचा उदात्त विचार. बाहेरून कडक कवच, आत पांढरा फोम, हनुवटीखाली पट्टा. इतकाच माझा संसार.

मित्रांनो, आमच्या कुळाचा एक नियम आहे. तो नीट ऐका, कारण या गोष्टीत एकीशिवाय कुणीही तो ऐकलेला नाही. आम्ही आयुष्यात एकदाच काम करतो. जोराचा एक मार आम्ही अंगावर घेतो, आतला फोम दबतो, डोकं वाचतं आणि आमचा जन्म सार्थकी लागतो. दबलेला फोम परत फुगत नाही. बाहेरून आम्ही पूर्वीसारखेच चकचकीत दिसतो, पण त्या जागी आमच्यात आणि वाढदिवसाच्या पुठ्ठ्याच्या टोपीत काही फरक उरत नाही. हे सगळं माझ्या आत एका पट्टीवर छापलेलं आहे, चार भाषांत. त्यात मराठी नाही. पण असती तरी काय दिवे लागले असते?

एकदाच काम करायचं, हे मला फार खानदानी वाटायचं. बूट रोज काम करतात, म्हणून त्यांना वास येतो.

कारखान्यातून निघताना माझी मोठी स्वप्नं होती. मी एखाद्या निधड्या गिर्यारोहकाच्या डोक्यावर बसेन, बर्फ बघेन, गरुड बघेन. खोका उघडला तेव्हा समोर केदार होता. त्याने मला डोक्यावर घातलं, आरशासमोर उभा राहिला आणि पोट आत घेतलं. पोट आत गेलं नाही. आमची ओळख ही अशी झाली.

केदार मूळचा नागपूरचा. तिथे सेमिनरी हिल्स नावाची टेकडी आहे. ती चढून लोक खाली येतात आणि तर्रीपोहे खातात. गिर्यारोहणाचा त्याचा अनुभव एवढाच. इथे अमेरिकेत तो आयटीत आहे आणि वर्क व्हिसावर आहे. एकदा सोफ्यावर पडल्या पडल्या त्याला स्कॉटलंडमधल्या डोंगरधावेचा एक व्हिडिओ दिसला, आणि माणूस कामातून गेला. त्या व्हिडिओत काटकुळी माणसं आखूड चड्ड्या घालून पावसात डोंगरावर धावत जातात. वर पोचली की दोन्ही बाजूंना दरी असलेली खडकाची धार लागते. मग ती माणसं हातापायांवर येतात आणि माकडांसारखी ती धार पार करतात. पलीकडे दलदलीत गुडघाभर बुडून खाली येतात आणि हसतात. बक्षीस काय, तर म्हणे सूप.

शहाण्या माणसाने हे बघून टीव्ही बंद केला असता. केदारने डोंगरांची नावं पाठ केली. त्याला स्वतःच्या मावसभावांची नावं आठवत नाहीत, पण स्कॉटलंडमधली न पाहिलेली शिखरं तो जेवताना घडाघडा म्हणून दाखवायचा.

"अरे मग जाऊन ये ना एकदा," त्याची बायको आश्लेषा म्हणाली. ती औषधांच्या कंपनीत संशोधन करते आणि त्या घरातलं एकमेव चालू स्थितीतलं डोकं तिचं आहे. दुर्दैवाने त्यावर मला कधी बसवलं गेलं नाही.

"आणि येताना स्टँपिंगला अडकलो तर? तिकडेच मेंढ्या वळू का?"

त्यात तथ्य होतं. व्हिसाचा शिक्का मिळेपर्यंत बाहेर अडकून पडण्याच्या भीतीने तो कित्येक वर्षं या देशाबाहेर गेलेला नव्हता. बहिणीचं लग्नसुद्धा त्याने फोनवर पाहिलं होतं. एकदा तो आश्लेषाला म्हणाला होता, "आडवं कुठेच जाता येत नाही गं, म्हणून वाटतं, निदान वर तरी जावं." मित्रांनो, त्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं ते एकमेव शहाणं वाक्य. त्यानंतर त्याने ढेकर दिला.

आणि मग सत्यजितने बातमी आणली. सत्यजित हा केदारचा मित्र, पुण्याचा. कुठलाही डोंगर दाखवा, 'आमच्या राजगडापुढे काही नाही' एवढं बोलून तो मोकळा होतो. न्यू हॅम्पशरमध्ये इयन नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ अगदी तिकडच्या पद्धतीची डोंगरधाव भरवत होते. धार, धुकं, निसरडा खडक, सगळं साग्रसंगीत. विमान नको, शिक्का नको. फक्त हेल्मेट सक्तीचं. म्हणून माझी खरेदी झाली.

"यार, तू नागपूरचा. तुला उतार बघूनच चक्कर येईल," सत्यजित म्हणाला.

"आणि तू काय रे? मागच्या उन्हाळ्यात ट्रेलवर अस्वल दिसलं तेव्हा 'एक्सक्यूज मी' म्हणालास."

"मॅनर्स असतात एकेकाला."

अशा दोन वीरांच्या भरवशावर माझं आयुष्य होतं.

शर्यत दसऱ्यानंतरच्या शनिवारी होती. आता दसऱ्याला आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची, गाड्यांची पूजा करतात. पार्सिपनीत ते खातं दिगंबरकाकांकडे आहे. काका तीस वर्षांपूर्वी दादरहून आले. त्यांच्या देखरेखीखाली चार लिंबं चिरडल्याशिवाय आमच्या भागात नवी गाडी रस्त्यावर येत नाही. त्यांनी लॅपटॉपला कुंकू लावलंय, बर्फ ढकलायच्या मशीनला हार घातलाय, आणि एकदा तर कुणाच्या तरी हिअरिंग एडवर अक्षता टाकल्या आहेत.

त्या दिवशी काका सत्यजितला घेऊन केदारकडे आले. बुटांची पूजा करायची की नाही यावर बराच खल झाला. पायातली वस्तू पाटावर कशी ठेवणार? शेवटी मला बसवलं. मला हळद लागली, कुंकवाचं स्वस्तिक निघालं, झेंडूचा हार पडला. खरं सांगतो मित्रांनो, मला बरं वाटलं. बूट दारात बसून बघत होते.

मग काका म्हणाले, "चला, नारळ वाढवू."

प्रश्न उभा राहिला, कुठे? मागच्या वर्षी दाराच्या पायरीवर फोडला होता, तर सोसायटीचं कडक पत्र आलं होतं. ओट्याच्या ग्रॅनाइटपाशी आश्लेषा हात पसरून उभी राहिली. हातोडी शेजारच्या बिल्डिंगमध्ये गेली होती ती आलीच नव्हती. काकांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि त्यांची नजर माझ्यावर स्थिरावली.

"अरे, हे काय! हे मार खायलाच केलंय ना? मग ह्याच्यावरच फोडू. पूजा पण होईल, टेस्टिंग पण होईल. केदार, घाल डोक्यात."

"काका," आश्लेषा म्हणाली, "आत केदार नको."

"बरं, नसू दे. एवढी काय घाबरतेस!"

मग सत्यजितने आपली इंजिनिअरिंगची पदवी पणाला लावली. त्याने कुकर पालथा घातला, त्यावर टॉवेल पसरला आणि त्यावर मला बसवलं. काकांनी नारळ दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेला. पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्याला शेंडी उडाली. तिसऱ्याला नारळाची बरोब्बर दोन शकलं झाली, पाणी माझ्या भोकांतून आत झिरपलं, आणि सगळे ओरडले, "मोरया!"

त्या आरडाओरड्यात एक बारीक आवाज कुणालाच ऐकू आला नाही. कच्च. टाळूच्या जागचा माझा फोम दबला होता. ज्या एका माराची मी जन्मभर वाट पाहिली, तो मी एका नारळाकडून खाल्ला. वाचलं कोण? कुकर.

"सरळ दोन भाग! फार शुभ," काका म्हणाले आणि त्यांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला.

रात्री आश्लेषाने मला पुसायला घेतलं. आतली पट्टी तिने वाचली. एकदा वाचली, मग चष्मा लावून परत वाचली.

"केदार, हे बाद झालं. एक जोराचा मार बसला की बदला, असं लिहिलंय इथे."

"अगं, नारळ फुटला, हेल्मेट नाही फुटलं."

"आतून दबतं ते. बाहेरून दिसत नाही."

"म्हणजे स्ट्राँग आहे बघ. नारळासारखा नारळ गेला!"

"मी उद्या नवीन आणते."

"आणि ह्याचं काय करू? पूजा झालेली वस्तू अशी टाकतात का? काकांना काय वाटेल?"

"काकांना काय वाटेल ते वाटू दे. तुझं डोकं फुटलं तर मला काय वाटेल?"

 यावर तो म्हणाला, "तू फार निगेटिव्ह बोलतेस हं." दुसऱ्या दिवशी तिने नवं हेल्मेट आणलं, निळं. केदारने ते गुपचूप कपाटात ठेवलं आणि शनिवारी मलाच घेऊन निघाला. म्हणजे त्या माणसाकडे एक जिवंत हेल्मेट होतं आणि एक मेलेलं, आणि त्याने विचार करून निवड केली होती.

न्यू हॅम्पशरला पोचलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. इयन प्रत्येकाचं सामान तपासत होते. नकाशा, होकायंत्र, शिट्टी, जॅकेट. त्यांनी मला हातात घेतलं, माझ्यावरचं स्वस्तिक दिसताच (इकडे त्याचा अर्थ भलताच लावतात) केदारकडे रोखून बघितलं. सत्यजितने घाईघाईने सगळा इतिहास समजावून सांगितला. फक्त नारळ वगळला. आत नारळाची एक शेंडी अडकली होती. ती इयनना केदारचा केस वाटली असावी, कारण त्यांनी सहानुभूतीने मान हलवली.

"वरून दगड आला की लोक 'रॉक!' ओरडतील," त्यांनी सगळ्यांना बजावलं. "वर बघायचं नाही. मान खाली, खडकाला चिकटून राहायचं. समजलं?"

केदारने मान डोलावली. मी वरच होतो. आत काहीही पोचलेलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. त्या डोक्याच्या इतक्या जवळ राहूनही मला आतून कधी हालचाल ऐकू आलेली नव्हती.

धावायचा भाग म्हणजे निव्वळ विटंबना. साठीतली एक काटकुळी स्कॉटिश बाई आम्हाला मागे टाकून गेली, तीही शीळ वाजवत. केदार धावत होता असं म्हणणं म्हणजे धावण्याची बदनामी आहे. तो पुढच्या दिशेने पडत होता आणि दर वेळी ऐनवेळी पाय आडवा येत होता. सत्यजित मागून "राजगडाची संजीवनी माची बघायला हवी होतीस" वगैरे म्हणत होता, तेही दम लागल्यामुळे हप्त्याहप्त्याने.

आणि मग धार आली.

 धुकं अचानक फाटलं. समोर काळ्या ओल्या खडकाची एक अरुंद वाट आकाशात गेली होती, दोन्हीकडे नुसतं खाली. केदारने हात खडकावर टेकले. एक पाय, मग दुसरा. त्याची जीभ बाहेर आली होती, लहान मुलाची चित्र काढताना येते तशी. आणि त्या वेळी पहिल्यांदा मला आतून काहीतरी ऐकू आलं. धडधड. तो घाबरला होता, आणि तो खूश होता. कित्येक वर्षांत तो पहिल्यांदा कुठेतरी गेला होता.

मी फार घाबरलो होतो. मी टाळूपाशी रिकामा होतो, आणि हे त्या धारेवर मला एकट्यालाच पटलेलं होतं. पट्टा आवळून त्याला सांगता आलं असतं तर मी आवळला असता.

वरच्या टप्प्यावर कुणाचा तरी पाय घसरला.

"रॉक!"

वीस माणसं धारेवर होती. एकोणीस माणसांनी मान खाली घातली. केदारने वर पाहिलं. अगदी नागपूरच्या चौकात कुणी हाक मारावी आणि आपण 'काय बे?' म्हणून वळावं, तसं.

दगड साधारण नारळाएवढाच होता. केदारची हनुवटी वर झालेली असल्यामुळे तो टाळूवर न बसता कपाळाच्या वर, माझ्या पुढच्या कडेवर बसला. तिथला माझा फोम अजून जिवंत होता. मी जे काही उरलो होतो ते सगळं दिलं. कवच पुढून मागपर्यंत तडकलं. केदार मागे बसला, सत्यजितने त्याची बॅग धरली, आणि दगड दरीत उड्या मारत निघून गेला.

आता विचार करा. त्याने इयनचं ऐकून शहाण्यासारखी मान खाली घातली असती, तर तो दगड काकांनी ठार केलेल्या जागेवर बसला असता. मग मी पुठ्ठ्याची टोपी होतो. त्याचं डोकं वाचलं, कारण त्याने ते वापरलं नाही. एवढ्या मोठ्या मूर्खपणावर उभं असलेलं यश मी दुसरं पाहिलेलं नाही.

खाली आल्यावर कपाळावर गुलाबजामएवढं टेंगूळ होतं. इयननी मला हातात घेऊन तडा पाहिला आणि सरळ सांगितलं, "ह्याने तुला वाचवलं. आता हे टाकून दे." इस्पितळातली डॉक्टरही तेच म्हणाली. मला वाटलं, झालं. उशिरा का होईना, कुणीतरी माझं नाव घेतलं.

घरी आश्लेषाने आधी त्याचं टेंगूळ पाहिलं, मग मला पाहिलं, मग कपाटातलं निळं हेल्मेट पाहिलं.  स्वयंपाकघरात जाऊन तिने नळ सोडला आणि बराच वेळ तो तसाच वाहत होता.

दिगंबरकाका मात्र दारातूनच गरजले, "बघ! मी म्हटलं नव्हतं? नारळ फोडला होता म्हणून वाचलास!"

"हो ना काका," केदार म्हणाला.

मित्रांनो, 'हो ना काका'. ह्या डोक्यासाठी मी दोनदा मेलो.

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात काकांनी त्या नारळावर पंधरा मिनिटं भाषण केलं. नारळ कुठल्या दुकानातला, शेंडी कशी होती, शकलं कशी सरळ झाली. टाळ्या पडल्या. मी स्टेजवर पाटावर होतो, तडकलेली बाजू मागे करून, कारण फोटो वाईट येत होते. लोक येऊन मला हात लावून नमस्कार करत होते. एकाने त्याचा ग्रीन कार्डचा नंबर लागावा म्हणून मला डोक्याला लावलं.

त्यानंतर मी गराजमध्ये वर्षभर पडून राहिलो, ख्रिसमसच्या झाडाच्या खोक्यावर. पूजेची वस्तू म्हणून कुणी फेकेना, आणि तुटकी वस्तू म्हणून कुणी पुसेना. एका कोळ्याने माझ्यात घर केलं. तो मात्र सभ्य निघाला, त्याने माझ्या ताकदीबद्दल कसलेही दावे केले नाहीत.

चार दिवसांपूर्वी परत दसरा आला. काकांनी मला दर्शनासाठी नेऊन पाटावर ठेवलं, आणि त्यांच्या दारात रांग लागली. लोकांनी सायकलची, स्केटिंगची, बर्फावर घसरायची हेल्मेटं आणली होती, आणि पालथा कुकर आता काकांनी खास ठेवला होता. आश्लेषा रांगेच्या तोंडाशी उभी राहून एकेकाला आतली पट्टी वाचून दाखवत होती.

"काकू, ह्याच्यात पोराचं डोकं जाणार आहे. नारळ पायरीवर फोडा हवं तर."

"अगं पण तुमच्या केदारला तर नारळानेच वाचवलं ना?" रांगेतल्या काकू म्हणाल्या.

"काका," ती शेवटी म्हणाली, "पुढच्या वर्षी एअरबॅगवर फोडा."

काका विचारात पडले. मला त्यांचा चेहरा दिसत होता. ते खरोखर विचारात पडले होते.

त्याच संध्याकाळी, मी केदारच्या घरी परत आल्यावर, सत्यजितने जाहीर केलं की ह्या वर्षी शर्यतीत तो मलाच घालणार. लकी आहे म्हणून. त्याने माझा तडा गोंदाने भरला आणि वरून नारिंगी टेप मारली. आश्लेषाने त्याला पट्टी वाचून दाखवली, निळं हेल्मेट हातात दिलं, शेवटी तर रडकुंडीला आली. तो म्हणाला, "वहिनी, फेथ नावाची पण काही गोष्ट असते."

म्हणून परवा सकाळी ती मला घेऊन गुपचूप बाहेर गेली आणि रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या डब्यात तिने मला टाकलं. किती शांत वाटलं मला तिथे! वर केळीची सालं होती, खाली दुधाचा कॅन. कचऱ्याची गाडी आली, डबा उचलला गेला, मी गाडीत पडलो, फक्त पट्टा बाहेर लोंबत राहिला. आणि तेवढ्यात केदारने खिडकीतून माझा पट्टा बघितला.

मित्रांनो, तो पायजम्यात धावला. कुंपणावरून उडी मारली, ओल्या उतारावर घसरला, हातांवर आला, दोन गाड्यांच्या मधल्या कठड्यावरून माकडासारखा पुढे गेला, आणि कोपऱ्यावर त्याने ती गाडी गाठली. तिकडच्या स्कॉटिश मंडळींनी उभं राहून सूप दिलं असतं असं धावला. डोंगरावर जे कधी जमलं नाही ते त्याला कचऱ्यासाठी जमलं. मला छातीशी धरून तो परत आला तेव्हा आश्लेषा पायरीवर बसली होती. तिने फक्त एवढंच विचारलं, "सत्यजितपेक्षा काकांचा नारळ जवळचा का रे?" तो म्हणाला, "तसं नाही गं." कसं आहे, ते त्याला सांगता आलं नाही.

आता मी सत्यजितच्या गाडीत मागच्या सीटवर आहे. तोंडाने बोलून कुणी ऐकत नाही हे लक्षात आल्यामुळे मी रीतसर अर्ज करत आहे.

प्रति, संबंधित सर्व. विषय: अर्जदारास कचऱ्यात टाकण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की सदर अर्जदाराची सेवा दोन वेळा पूर्ण झालेली असून, तिसऱ्या वेळी तो कुठल्याही डोक्याच्या उपयोगी पडू शकत नाही. तरी अर्जदारास मिळालेले सर्व हार, नमस्कार व मानसन्मान काढून घेऊन, त्यास नजीकच्या डब्यात टाकण्यात यावे व झाकण लावण्यात यावे. प्रकरण तातडीचे समजावे. शनिवारी सकाळी अर्जदाराच्या आत सत्यजित यांचे डोके असेल. सदर डोके फारसे वापरात नसले, तरी त्या मापाचे दुसरे मिळत नाही.